मोकळ्या मैदानातला सॉनिक

प्लॅटफॉर्म गेम हा व्हिडिओ गेमच्या सर्वांत जुन्या प्रकारांपैकी एक आहे. १९८१ सालच्या ‘डाँकी काँग’मधला नायक तिरक्या लोखंडी तुळयांवरून धावत, गडगडत खाली येणारी पिंपे उडी मारून चुकवत वर चढत असे, १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ने हाच खेळ आडवा ताणून त्याचा डावीकडून उजवीकडे सरकणारा लांबलचक मार्ग केला आणि खड्डे, फळ्या, कडे यांवरून उड्या मारत पुढे जाणे हा या प्रकाराचा गाभा कायमचा ठरून गेला. या गाभ्याच्या मुळाशी मोजमाप असते. पात्र किती उंच उडते, हवेत किती वेळ राहते, उडी मारल्यानंतर दिशा किती बदलता येते, हे आखणी करणाऱ्याला अचूक ठाऊक असते आणि त्या हिशेबानेच तो दोन फळ्यांमधले अंतर ठरवतो. ते अंतर बोटभर वाढले तर उडी अशक्य होते आणि बोटभर कमी झाले तर तिच्यातला थरार जातो. मुक्त जगाचा, म्हणजे ओपन वर्ल्डचा, गेम नेमक्या उलट तत्त्वावर उभा असतो. तिथे विस्तीर्ण भूप्रदेश सलग पसरलेला असतो, कोणत्या दिशेने आणि कोणत्या क्रमाने जायचे हे खेळाडू ठरवतो, आणि तो कुठल्या बाजूने, किती वेगाने येईल हे आखणाऱ्याला आधी सांगता येत नाही. ठिकरीच्या खेळात जमिनीवर चौकोन आखलेले असतात म्हणून उडीला अर्थ असतो. चौकोन पुसून सारे मैदान मोकळे केले तर उडी मारता येते, पण ती साधली की चुकली हे ठरवायला काही उरत नाही.

हे दोन प्रकार एकत्र आणण्याचा मोह मात्र जुना आहे. १९९६ च्या ‘सुपर मारिओ ६४’ने प्लॅटफॉर्म गेममध्ये तिसरी मिती रुजवली आणि सरळ मार्गाऐवजी हिंडता येतील अशी छोटी छोटी जगे दिली, पण ती एकमेकांपासून वेगळी होती आणि एका किल्ल्यातल्या चित्रांतून त्यांत शिरावे लागे. २००१ च्या ‘जॅक अँड डॅक्स्टर’ने प्रदेश एकमेकांना जोडून मधली थांबण्याची गरज जवळजवळ संपवली. २०१७ मध्ये निंटेंडोच्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ने दिसेल त्या डोंगरावर चढू देणारे जग उभे केले आणि तेव्हापासून जवळपास प्रत्येक साहसी गेमकडून तशाच मोकळेपणाची अपेक्षा होऊ लागली. फेब्रुवारी २०२१ मध्ये आलेल्या ‘बाउझर्स फ्युरी’ने एकाच जलाशयात विखुरलेली बेटे आणि त्यांवर रचलेल्या अडथळ्यांच्या शर्यती अशी आटोपशीर मांडणी केली, ती यशस्वी झाली, पण तिचा आकार लहान होता. मोठ्या प्रमाणावर आणि सर्वांत जास्त धोका पत्करून हा प्रयोग केला तो सेगा कंपनीच्या ‘सॉनिक फ्रंटियर्स’ने. हा गेम ८ नोव्हेंबर २०२२ रोजी एकाच वेळी निंटेंडो स्विच, प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि संगणक या सगळ्यांसाठी बाजारात आला आणि त्याच्या गुणदोषांवरचा वाद अजूनही पुरता शमलेला नाही.

सॉनिक हा निळ्या रंगाचा, काटेरी अंगाचा हेजहॉग १९९१ साली सेगाच्या मेगा ड्राइव्ह या यंत्रावर अवतरला तो मारिओला उत्तर म्हणून, आणि मारिओची ताकद उडीत होती तर याची वेगात. उतारावरून गती घेऊन पूर्ण वर्तुळाकार वळणातून उलटे होत बाहेर पडणारा सॉनिक ही त्या काळातल्या मुलांसाठी नवलाईची गोष्ट होती. पण या वेगातच पुढच्या तीस वर्षांची अडचण दडलेली होती. पात्र जितके वेगवान, तितका मार्ग लांब लागतो. आणि तीन मितींच्या खेळात तर महिनोन्महिने खपून बांधलेला मार्ग खेळाडू काही मिनिटांत मागे टाकतो. २००८ च्या ‘सॉनिक अनलीश्ड’पासून रुळलेल्या ‘बूस्ट’ पद्धतीत, म्हणजे बटण दाबताच पात्राने सुसाट सुटण्याच्या रचनेत, ही अडचण टोकाला गेली. २०१७ च्या ‘सॉनिक फोर्सेस’मध्ये मार्ग इतके आखूड आणि इतके स्वयंचलित झाले होते, की खेळाडूने त्यांत नेमके काय करायचे असा प्रश्न चाहत्यांनाच पडला. त्यानंतर सॉनिक टीमचे प्रमुख ताकाशी इइझुका आणि दिग्दर्शक मोरिओ किशिमोतो यांनी वेगळा विचार केला: सॉनिकपुढे मार्ग न टाकता त्याला धावायला जमीनच द्यायची. या रचनेला सेगाने ‘ओपन वर्ल्ड’ न म्हणता ‘ओपन झोन’ म्हटले. पूर्वीच्या गेममध्ये अनेक टप्प्यांना जोडणारा जो नकाशा असे, तोच आता चालता-फिरता प्रदेश झाला, असा त्यामागचा अर्थ होता.

या गेमचा मूळ आराखडा सांगायला सोपा आहे. स्टारफॉल नावाच्या द्वीपसमूहातली क्रोनोस, एरीस, केऑस, रिया आणि उरानोस ही पाच बेटे एकामागून एक उघडत जातात. बहुतेक बेटांवर मोठे यांत्रिक रक्षक फिरत असतात. त्यांना हरवले की दातेरी चाके मिळतात, त्या चाकांनी ‘सायबर स्पेस’ नावाच्या जुन्या पद्धतीच्या छोट्या टप्प्यांची दारे उघडतात, त्या टप्प्यांतून किल्ल्या मिळतात आणि किल्ल्यांनी केऑस एमराल्ड ही रत्ने मोकळी होतात. शेवटी बेटावरच्या अजस्र यंत्राशी, टायटनशी, सामना होतो. याच्या जोडीला बेटभर विखुरलेली स्मृतिचिन्हे गोळा केली की सॉनिकच्या अडकलेल्या मित्रांची कथा थोडी थोडी पुढे सरकते.

कागदावर हा आराखडा हिशेबनिसाच्या वहीसारखा वाटतो, पण क्रोनोस बेटावर पाऊल ठेवताच लक्षात येते की गेमचा खरा गुण या देवाणघेवाणीत नसून दोन ठिकाणांमधल्या धावण्यात आहे. हिरवे पठार, तुटक्या दगडी भिंती, मधूनच कोसळणारा धबधबा आणि या सगळ्यावर हवेत लटकलेले लोखंडी रूळ, स्प्रिंगा, वेग वाढवणाऱ्या पट्ट्या आणि फुगे. एखाद्या स्प्रिंगवर पाय पडला की सॉनिक वर फेकला जातो, रुळावर उतरतो, रूळ संपताच समोरच्या फुग्यांवर एकामागून एक आदळत पुढे जातो आणि कड्याच्या टोकावर ठेवलेले स्मृतिचिन्ह उचलतो. अर्ध्या मिनिटात संपणारी ही छोटी शर्यत जिथे थांबते तिथून दुसऱ्या शर्यतीची स्प्रिंग दिसत असते, आणि ती संपेपर्यंत तिसरी. नकाशावरच्या एका खुणेकडे निघालेला खेळाडू वाटेत चार-पाच ठिकाणी वळतो आणि मूळ खूण विसरून जातो. मुक्त जगाच्या गेममध्ये ज्याला चांगली भटकंती म्हणतात ती हीच, फक्त इथे तिचा वेग दसपट असतो. अनेक मुक्त जगांत दोन गावांमधला प्रवास हा कंटाळवाणा भाग असतो आणि म्हणून तिथे एका जागेवरून दुसऱ्या जागी क्षणात पोहोचण्याची सोय ठेवावी लागते. ‘फ्रंटियर्स’मध्ये प्रवास हेच करमणुकीचे कारण आहे.

धावण्याचा हा आनंद योगायोगाने आलेला नाही. सॉनिकचा कमाल वेग, वळण्याचा वेग, कॅमेऱ्याची गती अशा अनेक बाबी खेळाडूला हवे तसे कमी-जास्त करता येतात, आणि ही मोकळीक या मालिकेत नवी होती. ‘सायलूप’ ही चाल तर सरळसरळ मोकळ्या जमिनीसाठीच शोधलेली आहे: बटण दाबून धावले की सॉनिकच्या मागे प्रकाशाची रेघ उमटते, त्या रेघेने वर्तुळ पूर्ण केले की आतला शत्रू उसळून वर फेकला जातो किंवा जमिनीत दडलेली वस्तू बाहेर येते, आणि वर्तुळाऐवजी आडव्या आठाचा, म्हणजे अनंताचा, आकार काढला तर काही काळ न संपणारा बूस्ट मिळतो. सपाट माळावर काहीच घडत नसतानाही खेळाडूच्या हाताला काम देणारी ही कल्पना फार हुशारीची आहे, कारण तिच्यामुळे मोकळी जागा मोकळी राहत नाही.

मात्र याच सायलूपने सॉनिकच्या एका मूळ नियमाचे नुकसानही केले आहे. या मालिकेत खेळाडूजवळ एक जरी सोनेरी रिंग असली तरी फटका बसल्यावर तो मरत नाही, फक्त रिंगा सांडतात. म्हणून रिंगा जपणे हा तीस वर्षे खेळाचा ताण होता. इथे कुठेही उभे राहून एक वर्तुळ काढले की रिंगा उगवतात. जे हवे तेव्हा, हवे तितके मिळते ते जपण्याची गरज कोणाला वाटणार?

त्याहून गंभीर दोष डोळ्यांना लगेच दिसतो, किंवा खरे तर वेळेवर दिसत नाही. सॉनिक इतक्या वेगाने धावतो की त्याच्या पुढचा फार मोठा प्रदेश यंत्राला आधीच रेखाटून ठेवावा लागतो. ही क्षमता मर्यादित असल्यामुळे आणि हा गेम प्लेस्टेशन ४ व स्विच यांसारख्या जुन्या किंवा दुबळ्या यंत्रांवरही चालवायचा असल्यामुळे रूळ, फळ्या आणि दगड खेळाडू जवळ पोहोचल्यावरच अचानक प्रकट होतात. अनेक परीक्षकांनी याला देखणेपणातली उणीव म्हटले, परंतु प्लॅटफॉर्म गेममध्ये ही उणीव थेट खेळण्यावर घाव घालते. पुढची फळी दिसते म्हणून उडीचा बेत ठरतो. फळी उडी मारण्याच्या क्षणी उगवणार असेल तर बेत आखण्याचा प्रश्नच येत नाही आणि खेळाडू बटण दाबून पुढे जे येईल ते स्वीकारू लागतो. शिवाय हे रूळ वास्तववादी गवताळ डोंगरांच्या वर कशाचाही आधार नसताना तरंगत असतात. ‘बाउझर्स फ्युरी’मधली फळी तिच्या बेटाचा भाग वाटते, इथे भूप्रदेश एकाने घडवला आणि शर्यती दुसऱ्याने वरून टांगल्या, असा भास पुष्कळ ठिकाणी होतो.

या टांगलेपणाचा सर्वांत त्रासदायक परिणाम केऑस या ज्वालामुखीच्या बेटावर जाणवतो. एखाद्या पट्टीवर किंवा स्प्रिंगवर पाय पडताच कॅमेरा बाजूला सरकून स्थिर होतो आणि खेळ तीन मितींचा न राहता कडेने पाहायच्या जुन्या, दोन मितींच्या खेळासारखा होतो. हा बदल मुळात वाईट नाही. अंतर नेमके मोजता यावे म्हणून आखणी करणाऱ्याने मोकळ्या मैदानात आपले चौकोन पुन्हा आखून घेतले आहेत, इतकेच. पण खेळाडूने तो मागितलेला नसतो. दूरच्या एखाद्या खुणेकडे धावत असताना चुकून स्प्रिंग लागते, कॅमेरा वळतो, आणि मग त्या अदृश्य गल्लीतून बाहेर पडण्यासाठी एक तर ती शर्यत पुरी करावी लागते किंवा खाली कोसळावे लागते. कुठेही जा म्हणणाऱ्या गेमने वाटेतच खेळाडूला पकडून रांगेत उभे करावे, यासारखी विसंगती नाही. याच बेटावर कथा पुढे नेण्यासाठी पिनबॉलच्या यंत्रात ५० लाख गुण मिळवावे लागतात. ज्या गेमची सारी भिस्त धावण्यावर आहे त्याने खेळाडूला एका जागी उभे करून चेंडू उडवायला लावण्याचे कारण कळत नाही.

सायबर स्पेसचे तीस टप्पे मोकळे मैदान की आखीव वाट या वादात एक वेगळाच पुरावा म्हणून उभे राहतात. हे टप्पे आखीव आहेत, साधारण एक ते तीन मिनिटांचे आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच वाटा मालिकेतल्या आधीच्या गेममधून उचललेल्या आहेत. त्यांची रूपे मात्र चारच: ग्रीन हिल, केमिकल प्लांट, स्काय सँक्चुअरी आणि शहरातला महामार्ग, त्यामुळे दहाव्या टप्प्याच्या सुमारास डोळे विटतात. तरीही ठरलेल्या वेळेत टप्पा संपवून सर्वोच्च श्रेणी मिळवण्यासाठी खेळाडू त्याच वाटेवर पुन्हा पुन्हा धावतो, एखादे वळण आतून घेतो, एखादी उडी अर्धा क्षण आधी मारतो आणि आपण सुधारलो हे त्याला आकड्यात दिसते. मोकळ्या बेटांवर हे समाधान क्वचितच मिळते. बेट भटकण्याची हौस पुरवते, टप्पा कौशल्याची. दोघांना एकाच जमिनीवर आणणे या गेमला साधलेले नाही आणि म्हणूनच दोन्ही वेगवेगळ्या दारांआड ठेवावे लागले.

लढायांबद्दलही असेच दुहेरी मत द्यावे लागते. क्रोनोसवरचा ‘असुरा’ नावाचा रक्षक इतका प्रचंड आहे की त्याच्या हातावरून धावत जाऊन डोके गाठावे लागते. ‘स्क्विड’ आकाशात उडत जातो आणि त्याने मागे सोडलेल्या पट्ट्यावरून पाठलाग करावा लागतो. एरीसच्या वाळवंटातला ‘शार्क’ सॉनिकला वाळूतून फरफटत नेतो. हे सगळे शत्रू धावणे आणि चढणे यांच्याच भाषेत बोलतात, म्हणजे प्लॅटफॉर्म गेमचे कौशल्य लढाईत वापरायला लावतात, आणि ही मांडणी खरोखर अभिनव आहे. टायटनशी होणारे सामने दिमाखाच्या बाबतीत तर मालिकेत अजोड म्हणावेत असे आहेत: आधी त्या डोंगराएवढ्या यंत्राच्या अंगावर चढायचे, माथ्यावरचे शेवटचे रत्न मिळवायचे, मग सॉनिकचे सोनेरी सुपर सॉनिकमध्ये रूपांतर होते आणि तोमोया ओतानी यांच्या संगीतात गायक केलिन क्विनचा आवाज मिसळून सारा रंगमंच पेटतो. दर सेकंदाला एक रिंग कमी होत असल्याने घड्याळाचा धाकही असतो. परंतु शत्रूचा वार अडवण्यासाठी दोन बटणे दाबून ठेवली की काम भागते, वाराची वेळ साधावी लागत नाही; त्यामुळे या लढाया पाहताना जितक्या थरारक वाटतात तितक्या लढताना नसतात.

मासेमारीचा विषय हसून सोडून देण्याजोगा वाटतो, पण मुक्त रचनेची एक मूलभूत चूक त्यात स्पष्ट दिसते. बिग नावाचा जाडजूड बोका बेटावरच्या एका शांत तळ्याकाठी बसलेला असतो. जांभळी नाणी देऊन त्याच्याजवळ गळ टाकायचा, योग्य क्षणी बटण दाबायचे, आणि मिळालेल्या मोबदल्यात किल्ल्या व स्मृतिचिन्हे विकत घ्यायची. म्हणजे रक्षकांशी झुंजून, टप्पे पार करून आणि कड्यांवर चढून जे मिळवायचे ते बसल्या जागी हाती येते. खेळाडूला पर्याय द्यावेत हे मुक्त जगाचे तत्त्व बरोबर आहे, पण सगळ्या वाटा सारख्याच फळाकडे नेत असतील आणि त्यांतली एक फारच सोपी असेल, तर उरलेल्या वाटा बांधणाऱ्याचे श्रम वाया जातात. तळ्याकाठचे संगीत आणि बिगचा स्वस्थपणा इतका सुखद आहे की अनेक खेळाडू तिथे रमले, ही गोष्ट वेगळी.

उत्तरार्धात गेमची दमछाक होते. रिया बेटावर सहा मनोरे चढण्यापलीकडे फारसे काही नाही, आणि उरानोस दिसायला क्रोनोसची पुनरावृत्ती आहे. कॉमिक्सचे लेखक इयान फ्लिन यांनी लिहिलेली कथा मात्र शेवटपर्यंत सांभाळलेली आहे. सॉनिक आणि त्याचे मित्र यांच्यातले संथ, थोडे उदास संवाद आणि सेज या यंत्रकन्येचे मालिकेतला खलनायक डॉक्टर एगमनशी हळूहळू जुळत जाणारे नाते यांमुळे या मालिकेला बऱ्याच वर्षांनी वजन आले.

प्रकाशनाआधी, जून २०२२ मध्ये प्रत्यक्ष खेळाची दृश्ये समोर आली तेव्हा रिकामे जग म्हणून गेमची चेष्टा झाली होती आणि प्रकाशन पुढे ढकला अशी मागणी समाजमाध्यमांवर गाजली होती. प्रत्यक्षात डिसेंबर २०२२ पर्यंत २५ लाख प्रती विकल्या गेल्याचे सेगाने जाहीर केले. पुढच्या वर्षी तीन मोफत भर आल्या. त्यांतली शेवटची, २८ सप्टेंबर २०२३ ची ‘द फायनल होरायझन’, या प्रकरणाच्या दृष्टीने सर्वांत बोलकी आहे. तिच्यात टेल्स, नकल्स आणि एमी ही सॉनिकच्या मित्रांची पात्रे खेळायला मिळाली आणि उंच मनोऱ्यांवर चढण्याची खरीखुरी, अचूक उड्यांची आव्हाने आली. जाणकार जे मागत होते ते मिळाले, आणि लगेच अवघडपणाची तक्रार सुरू झाली. ती तक्रार निराधार नव्हती. सुसाट धावण्यासाठी जुळवलेला कॅमेरा आणि जुळवलेले नियंत्रण एका वीतभर कड्यावर उतरताना साथ देत नाही, आणि पडले की सगळी चढाई नव्याने करावी लागते. मोकळ्या जमिनीसाठी बांधलेल्या पात्राकडून नंतर मोजमापाची उडी मागता येत नाही. ती मागायची असेल तर पात्राची पहिली उडी ठरवतानाच तिचा विचार करावा लागतो.

या सगळ्या जमाखर्चात ‘सॉनिक फ्रंटियर्स’ हा उत्तम मैदान आणि मध्यम प्लॅटफॉर्म गेम ठरतो. क्रोनोस आणि एरीस या दोन बेटांवर त्याने जे धावणे दिले आहे त्याची बरोबरी करणारा दुसरा गेम दाखवणे कठीण आहे, आणि केऑसपासून पुढे ते धावणे स्वतःच्याच अडथळ्यांत अडखळते. पहिल्यांदा हाती घेणाऱ्याने पहिल्या दोन बेटांवर घाई करू नये, मासेमारी शक्यतो शेवटासाठी राखावी, आणि सुरुवातीपासून नाही तर निदान अखेरच्या सामन्याआधी तरी अवघड पातळी निवडावी, कारण मूळ गेममधला शेवटचा शत्रू प्रत्यक्ष लढायला फक्त त्याच पातळीवर मिळतो.